विरोधकाचा पगार

1977 साली संसदेने एक लहानसा कायदा केला. लोकसभा आणि राज्यसभा या दोन्ही सभागृहांतल्या विरोधी पक्षनेत्यांना सरकारी तिजोरीतून पगार, भत्ते आणि राहायला घर द्यावे, एवढीच त्यातली मुख्य गोष्ट. कायदा किरकोळ वाटतो; पण तो कोणी केला आणि त्याचा लाभ आधी कोणाला झाला हे पाहिले की त्याचे वेगळेपण कळते. सत्तेवर जनता पक्ष होता. त्याचे कितीतरी मंत्री आणि खासदार काही महिन्यांपूर्वीपर्यंत आणीबाणीचे कैदी होते. लोकसभेत विरोधी पक्षनेतेपदी होते यशवंतराव चव्हाण. आणीबाणीच्या काळात ते परराष्ट्रमंत्री होते. म्हणजे ज्या सरकारने आपल्याला गजाआड टाकले, त्याच सरकारातल्या एका ज्येष्ठ मंत्र्याला आता विरोधक म्हणून दरमहा पगार मिळावा, अशी तजवीज या माणसांनी केली. याला उदारपणा म्हणता येईल, पण त्या शब्दाने प्रश्न सुटत नाही. कारण पैसा जनता पक्षाच्या खिशातला नव्हता, करदात्यांचा होता. सरकारच्या कामात खोट काढणे हेच ज्याचे काम, त्याला लोकांनी आपल्या पैशातून का पोसावे? लोकशाहीतल्या समतोलाची सारी चर्चा या एका प्रश्नात सामावली आहे.

समतोल म्हटले की डोळ्यांपुढे तराजू येतो. दोन पारडी, मध्ये काटा. काटा स्थिर झाला की काम झाले. ही प्रतिमा दिशाभूल करणारी आहे. राज्यकारभाराचा काटा कधीच स्थिर होत नाही आणि तो स्थिर व्हावा हा उद्देशही नसतो. उद्देश साधा आहे. कोणतेही सरकार, कितीही प्रामाणिक असो, चुकणारच. ती चूक किती लवकर उघडकीस येते आणि ती थांबवण्याची ताकद सरकारखेरीज आणखी कोणाकडे आहे, यावर लोकांचे बरेवाईट अवलंबून असते. त्यासाठी नुसते वेगळे मत असून भागत नाही. त्या मताजवळ तीन गोष्टी असाव्या लागतात: सरकारच्या कपाटातली माहिती मागण्याचा हक्क, मत मांडल्याबद्दल पद जाणार नाही याची हमी, आणि कुठेतरी 'नाही' म्हणून काम अडवण्याचा अधिकार. या तिन्ही नसतील तर वेगळे मत ही निव्वळ तक्रार ठरते. आणि ज्या सत्तेला असे मत कधी आडवे येत नाही, ती हळूहळू मनमानीकडे सरकते. मतांचा समतोल आणि अधिकारांचा समतोल हे म्हणूनच वेगवेगळे विषय नाहीत. एकाशिवाय दुसरा टिकत नाही.

घटनेचा मसुदा मांडताना 4 नोव्हेंबर 1948 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीच निवड घटना समितीपुढे स्पष्ट केली होती. सरकार स्थिर असावे आणि जबाबदारही असावे, पण या दोन्ही गोष्टी सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही, असा त्यांचा मुद्दा होता. अमेरिकेच्या अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य अधिक. संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक. तिथे सरकारची झडती मुदत संपल्यावर मतदार घेतात. इथे ती मतदार घेतातच, शिवाय प्रश्न, ठराव, तहकुबी सूचना आणि अविश्वासाचा प्रस्ताव यांतून खासदार ती रोज घेतात. मसुद्याने जाणूनबुजून जबाबदारीला झुकते माप दिले. नव्याने स्वतंत्र झालेला, फाळणीने पोळलेला देश स्थैर्याला पहिला मान देईल अशीच कोणाची अपेक्षा असती. तरीही घटनाकारांनी रोजच्या झडतीची पद्धत पत्करली, हे विसरता कामा नये.

त्या घटना समितीतच या विचाराची परीक्षा झाली. फाळणीनंतर समितीतल्या सुमारे चार-पंचमांश जागा काँग्रेसकडे होत्या. पक्षाने मनात आणले असते तर मसुदा काही आठवड्यांत मंजूर झाला असता. प्रत्यक्षात त्यावर सुमारे 7,635 उपसूचना आल्या आणि त्यांपैकी 2,473 सभागृहात मांडल्या गेल्या. ह. वि. कामत, के. टी. शाह, हृदयनाथ कुंझरू, विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख अशा सदस्यांनी कलमाकलमावर मसुदा समितीला धारेवर धरले. यांतली बहुतेक मते पडली. पण 25 नोव्हेंबर 1949 च्या समारोपाच्या भाषणात आंबेडकरांनी याच बंडखोर मंडळींची नावे घेऊन आभार मानले. सर्वांनी पक्षशिस्त पाळून माना डोलावल्या असत्या तर हे कामकाज निष्प्राण झाले असते आणि घटनेमागची तत्त्वे उलगडून सांगण्याची संधी आपल्याला मिळालीच नसती, असा त्यांचा आशय होता. मत पडले म्हणून वाया गेले असेही नाही. आणीबाणीच्या कलमांवर बोलताना कामतांनी जर्मनीच्या वायमार घटनेचा दाखला दिला होता. तिथल्या अशाच तरतुदींनी हुकूमशाहीला वाट करून दिली, हे त्यांनी बजावले. 1949 साली ते हरले. त्यांची शंका किती खरी होती हे कळायला पंचवीस वर्षे लागली.

माहिती, पदाची हमी आणि अडवण्याचा अधिकार या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होते, याचे जुने आणि स्वच्छ उदाहरण म्हणजे मुंदडा प्रकरण. 1957 साली आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या अडचणीतल्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे समभाग घेतले. पैसा विमेदारांचा होता. त्या डिसेंबरात लोकसभेत यावर अर्थमंत्र्यांना घेरले ते फिरोज गांधी यांनी. ते सत्ताधारी काँग्रेसचे खासदार आणि खुद्द पंतप्रधानांचे जावई. पक्षाचा आदेश मोडला म्हणून खासदारकी जाईल असा कायदा तेव्हा नव्हता, त्यामुळे सत्ताधारी बाकांवरूनही सरकारला अडचणीचे प्रश्न विचारता येत होते. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला. मुंबईत त्याची सुनावणी उघडपणे, लोकांच्या गर्दीत झाली. महिन्याभरात अहवाल आला आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. विरोधी पक्ष तेव्हा दुबळे होते. लोकसभेत नेहरूंचे बहुमत अढळ होते. तरी झडती झाली, कारण प्रश्न विचारणाऱ्याला संरक्षण होते, तपासणारा न्यायाधीश सरकारचा ताबेदार नव्हता आणि माहिती लोकांपुढे आली.

हिशेब तपासण्याची कायमची व्यवस्था घटनेने नियंत्रक व महालेखापरीक्षकाच्या, म्हणजे कॅगच्या हाती दिली आहे. त्याला हटवायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवण्याइतकाच अवघड मार्ग चालावा लागतो. त्याचे अहवाल संसदेच्या लोकलेखा समितीपुढे जातात. ही समिती 1921 पासूनची, पण सत्ताधारी पक्षाचाच माणूस तिचा अध्यक्ष होत असे. 1967 साली पहिल्यांदा विरोधी बाकांवरचे, स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी अध्यक्ष झाले आणि तीच प्रथा पडली. घरच्या माणसाने घरचा हिशेब तपासण्यात गैर काही नसते; पण त्याची नजर सरावलेली असते. परक्याला खटकणारी गोष्ट त्याला खटकत नाही. विरोधकाकडे खुर्ची देण्यामागचे शहाणपण हेच आहे. विरोधक अधिक सद्गुणी असतो असे कोणी मानले नव्हते. त्याला चूक सापडण्यात फायदा असतो, एवढे पुरेसे होते.

आता उलटा दाखला पाहू. 1971 च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या काँग्रेसला 518 पैकी 352 जागा मिळाल्या. 24 एप्रिल 1973 रोजी केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 6 अशा मताने सांगितले की संसद घटना दुरुस्त करू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. लगेच तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून ए. एन. राय यांना सरन्यायाधीश नेमण्यात आले. 12 जून 1975 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधानांची निवडणूक रद्द ठरवली. 25 जूनच्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला ती कळली दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बैठकीत. त्याच रात्री दिल्लीतल्या वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली आणि मग सेन्सॉर बसला. ऑगस्टमध्ये 39 वी घटनादुरुस्ती दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार झाली. पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी ही दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावणीच्या आदल्याच दिवशी राष्ट्रपतींच्या संमतीने पक्की झाली. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयांच्या 16 न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 1 मताने निकाल दिला, की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला बंदी प्रत्यक्षीकरणासाठी न्यायालयात येता येणार नाही. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी याच्या उलट कौल दिला होता.

या घटनाक्रमात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. कोणतीही संस्था बंद झाली नव्हती. संसद भरत होती, न्यायालये चालत होती, कॅगचे कार्यालय उघडत होते, वर्तमानपत्रे निघत होती. अधिकारांची विभागणी कागदावर शाबूत होती. गेल्या होत्या त्या याच तीन गोष्टी. सेन्सॉरने माहिती नेली. ज्येष्ठता डावलण्याने आणि बदल्यांनी पदाची हमी नेली. घटनादुरुस्तीने आणि विरोधी खासदारांच्या अटकेने अडवण्याचा अधिकार नेला. म्हणून फक्त 'तीन स्वतंत्र खांब आहेत ना' एवढे विचारून लोकशाहीची तब्येत कळत नाही. खांबावर उभ्या माणसाला काय कळते, त्याची जागा किती पक्की आहे आणि त्याच्या नकाराने काय थांबते, हे विचारावे लागते. 1976 च्या त्या निकालात एकट्याने विरोधी मत दिले ते न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी. जानेवारी 1977 मध्ये सरन्यायाधीशपदाची पाळी त्यांची होती. ते पद त्यांना डावलून दुसऱ्याला दिले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. असहमतीची किंमत एका माणसाने एकट्याने भरावी लागणे, हेच समतोल बिघडल्याचे लक्षण.

सगळेच कोसळले होते असे मात्र नाही. केशवानंद निकालाचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 1975 मध्ये 39 व्या दुरुस्तीतला पंतप्रधानांपुरता भाग रद्द केला. निवडणूक वैध ठरली ती मागच्या तारखेपासून बदललेल्या निवडणूक कायद्यामुळे. 1977 मध्ये मतदारांनी सरकार बदलले आणि मग दुरुस्तीचे काम आले. त्या कामाची हकीकत फारशी सांगितली जात नाही. जनता पक्षाकडे लोकसभा होती, राज्यसभा नव्हती. तिथे काँग्रेसची मते घेतल्याशिवाय घटनादुरुस्ती होणे शक्य नव्हते. त्यामुळे 44 वी दुरुस्ती दोन्ही बाजूंच्या सहमतीनेच होऊ शकली. राज्यसभेने सरकारची काही कलमे गाळलीही. जे उरले ते भक्कम होते. 'अंतर्गत अशांतता' हे आणीबाणीचे सैल कारण जाऊन 'सशस्त्र बंड' आले. मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला सक्तीचा झाला. संसदेची मंजुरी महिन्याभरात आणि विशेष बहुमताने घ्यावी लागेल असे ठरले. जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही असे ठरले. विजेत्यांनी एकट्याच्या बळावर लिहिलेली दुरुस्ती पुढच्या विजेत्यांनी पुसली असती. दोघांनी मिळून लिहिलेली आजवर टिकली आहे.

या साऱ्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप जनादेशाचा आहे. लोकांनी ज्यांना निवडून दिले त्यांचे हात बांधणे म्हणजे लोकांचेच हात बांधणे नव्हे काय? आक्षेपात वजन आहे, पण जनादेश म्हणजे नेमके काय ते आधी तपासू. 1971 मध्ये ज्या पक्षाला दोन-तृतीयांशाहून अधिक जागा मिळाल्या, त्याला मते मिळाली होती 44 टक्क्यांच्या आसपास. 1984 च्या प्रचंड विजयातही काँग्रेसची मते निम्म्याच्या किंचित खालीच राहिली. जागांचे बहुमत हे राज्य करण्याचा परवाना आहे. विरोधात मत देणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांचे म्हणणे संपल्याचा दाखला नाही. शिवाय त्याच मतदारांनी विरोधी खासदारही निवडून पाठवलेले असतात. दुसरे, ज्या अधिकाराला अटकाव नसतो तो सगळेच पक्ष सारखाच वापरतात. 1977 मध्ये जनता सरकारने काँग्रेसची नऊ राज्य सरकारे बरखास्त केली: लोकसभेत लोकांनी तुम्हाला नाकारले, मग राज्यातही तुम्ही नकोत, असा त्यामागचा तर्क. 1980 मध्ये सत्तेवर परतलेल्या काँग्रेसने तोच तर्क उलटवून नऊ राज्य सरकारे घालवली. त्यात महाराष्ट्रातले शरद पवारांचे पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) सरकारही गेले. जनादेशाच्या नावावर एकमेकांची मडकी फोडण्याचा हा खेळ 1994 च्या बोम्मई निकालापर्यंत चालला. बहुमत राजभवनात मोजायचे नाही, विधानसभेत मोजायचे, आणि बरखास्ती न्यायालयात तपासली जाईल, असे नऊ न्यायमूर्तींनी सांगितल्यावर राष्ट्रपती राजवटीचा सरसकट वापर ओसरला. इथे न्यायालयाने राज्यांतल्या मतदारांचे हात बांधले नाहीत, सोडवले.

दुसरा आक्षेप वेळेचा. गरीब देशाला एवढी चर्चा परवडत नाही, निर्णय झटपट हवेत. याचे उत्तर दोन अलीकडच्या कायद्यांच्या तुलनेतून मिळते. वस्तू व सेवा कराची कल्पना 2006 च्या अर्थसंकल्पात मांडली गेली; तो 2010 पासून लागू व्हायचा होता, लागू झाला 1 जुलै 2017 ला. मधली वर्षे वाया गेली असे म्हणता येईल. पण त्या वर्षांत राज्यांची भीती काय आहे ते उघड झाले. माल तयार करणाऱ्या महाराष्ट्र, तमिळनाडू, गुजरात अशा राज्यांना महसूल बुडण्याची धास्ती होती; मुंबई महापालिकेची तर जकातच जाणार होती. विधेयक राज्यसभेच्या समितीकडे गेले. राज्यांना पाच वर्षे नुकसानभरपाईची हमी मिळाली, एक टक्का जादा कराचा वादग्रस्त प्रस्ताव गळला, आणि ऑगस्ट 2016 मध्ये राज्यसभेत ते 203 विरुद्ध 0 मतांनी मंजूर झाले. त्यातून आलेल्या जीएसटी परिषदेत केंद्राचे मत एक-तृतीयांश वजनाचे, राज्यांचे मिळून दोन-तृतीयांश, आणि निर्णयाला तीन-चतुर्थांश लागतात. केंद्राला डावलून राज्ये काही करू शकत नाहीत आणि राज्यांना डावलून केंद्र. या कराच्या अंमलबजावणीत गोंधळ झाले, दर आणि विवरणपत्रे पुन्हा पुन्हा बदलावी लागली. पण ती दुरुस्ती त्याच परिषदेत होत राहिली. दुसरीकडे 2020 चे तीन कृषी कायदे. जूनमध्ये वटहुकूम, सप्टेंबरमध्ये विधेयके, समितीकडे पाठवणी नाही, राज्यसभेत मतविभागणीची मागणी होत असताना आवाजी मतदान. वेग विलक्षण होता. मग दिल्लीच्या वेशीवर वर्षभर शेतकरी बसले, सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि नोव्हेंबर 2021 मध्ये कायदे मागे घ्यावे लागले. ते कायदे चांगले होते की वाईट हा वाद बाजूला ठेवू. चांगले होते असे मानणाऱ्यांनी तर अधिक विचार करावा, की समितीत काही महिने गेले असते तर ते वाचले असते का. जे ऐकायचे ते आधी ऐकले नाही, तर नंतर रस्त्यावर ऐकावे लागते आणि तिथे ते अधिक वेळ खाते.

तिसरा आक्षेप राखणदारांबद्दल आहे: न्यायाधीश, निवडणूक आयुक्त, लेखापरीक्षक यांना कोणी निवडून दिलेले नसते, मग त्यांच्यावर अंकुश कोणाचा? हा आक्षेप पुरता खरा आहे आणि तो समतोलाच्या बाजूचाच आहे. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी निवडणूक आयोगाला धाक मिळवून दिला, पण एका माणसाच्या हाती एवढा अधिकार असावा का, हा प्रश्नही आणला. 1993 मध्ये आयोग तीन सदस्यांचा झाला. त्यामागे सरकारचा हेतू शेषन यांचे पंख छाटण्याचा असेलही. तरी तीन डोकी एकापेक्षा बरी, हे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले. न्यायाधीशच न्यायाधीश नेमतात ही व्यवस्था बदलण्यासाठी संसदेने जवळजवळ एकमताने आयोग आणला. 2015 मध्ये न्यायालयाने तो 4 विरुद्ध 1 मताने रद्द केला. त्या निकालातले न्यायमूर्ती चेलमेश्वर यांचे विरोधी मत आजही वाचले जाते, कारण प्रश्न मिटलेला नाही. उलट 2023 मध्ये न्यायालयाने निवडणूक आयुक्त नेमणाऱ्या समितीत सरन्यायाधीश असावेत असा आदेश दिला आणि त्याच वर्षाच्या शेवटी संसदेने कायदा करून त्यांच्या जागी केंद्रीय मंत्री बसवला. तिघांच्या समितीत दोन मते सरकारची असतील तर विरोधी पक्षनेत्याचे मत नोंदले जाते, पण त्याने काही अडत नाही. नेमणाराच राखणदार झाला तर ते चुकीचे आणि राखणदारच नेमणारा झाला तरी ते चुकीचेच. न्यायालय चुकते याचा पुरावा 1976 चा निकाल आहे. आणि ती चूक दुरुस्त होऊ शकते याचा पुरावा 2017 चा: खासगीपणाच्या हक्कावरील निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो जुना निकाल मोडीत काढला. तसे लिहिणारे होते न्या. धनंजय चंद्रचूड, 1976 च्या बहुमतात त्यांचे वडील, न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. खन्नांचे एकट्याचे मत एकेचाळीस वर्षांनी कायदा झाले, कारण असहमती लिहून ठेवण्याची पद्धत होती.

समतोल म्हणजे प्रत्येक प्रश्नावर मधले मत पकडणे, असाही एक समज असतो. मग खरे आणि खोटे यांच्या मध्ये कुठे उभे राहायचे? कुठेच नाही. मुंदडा प्रकरणात छागलांनी अर्धा दोष इकडे आणि अर्धा तिकडे वाटला नाही. दोन्ही बाजू ऐकून एक निष्कर्ष काढला. समतोल ऐकण्याच्या पद्धतीत असायचा, निकालात नव्हे. खोटे बोलणाऱ्यालाही उत्तर द्यायची संधी मिळते ती त्याचे खोटे उघडे पडावे म्हणून.

या कसोटीवर आजची व्यवस्था कुठे झिजते आहे तेही पाहायला हवे, आणि ही झीज एका पक्षाची करणी नाही. 1985 चा पक्षांतरबंदी कायदा 'आयाराम गयाराम' थांबवण्यासाठी आला, सर्वांनी त्याचे स्वागत केले. पण पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाते म्हटल्यावर सत्ताधारी बाकांवरचा फिरोज गांधी संपला. घाऊक पक्षांतर मात्र थांबले नाही. 2022 नंतरच्या महाराष्ट्रात पक्षफुटीचे वाद विधानसभा अध्यक्ष, निवडणूक आयोग आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यात वर्षानुवर्षे फिरत राहिले, आणि निवाडा करणारे अध्यक्ष स्वतः एका पक्षाचे असतात हा मूळ दोष तसाच आहे. पंधराव्या लोकसभेत सुमारे 71 टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत 16 टक्के. प्रथेने विरोधकांकडे जाणारे लोकसभेचे उपाध्यक्षपद सतराव्या लोकसभेत भरलेच गेले नाही. आणि विरोधी पक्षनेता? 1980 ते 1989 आणि पुन्हा 2014 ते 2024 लोकसभेला तो नव्हता. कारण कोणत्याही विरोधी पक्षाकडे दहा टक्के जागा नव्हत्या. 2024 मध्ये महाराष्ट्राच्या विधानसभेतही कोणत्याच विरोधी पक्षाला दहा टक्क्यांसाठी लागणारा 29 चा आकडा गाठता आला नाही. ही दहा टक्क्यांची अट 1977 च्या कायद्यात नाही. ती पहिले लोकसभा अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या काळातल्या पक्षमान्यतेच्या संकेतातून आली. तिचे परिणाम मात्र ठोस असतात. लोकपाल कायदा जानेवारी 2014 मध्ये लागू झाला, पहिला लोकपाल नेमला गेला मार्च 2019 मध्ये. निवड समितीत विरोधी पक्षनेता लागतो आणि ते पदच रिकामे आहे, हे त्या विलंबाचे सांगितले गेलेले कारण होते.

आता पुन्हा 1977 च्या त्या पगाराकडे येऊ. त्या कायद्यात कोणा पक्षाचे नाव नाही, व्यक्तीचे नाही. फक्त पद आहे. उद्या त्या पदावर कोण असेल हे लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हते. कळायला फार दिवस लागले नाहीत. जुलै 1979 मध्ये मोरारजी देसाईंचे सरकार पडले. विरोधी बाकांवरचे यशवंतराव चव्हाण उपपंतप्रधान झाले. आणि त्यांच्या रिकाम्या जागी विरोधी पक्षनेता म्हणून बसले जगजीवन राम, ज्या मंत्रिमंडळाच्या काळात तो कायदा झाला त्यातले संरक्षणमंत्री. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्यासाठी राखलेली खुर्ची आता त्यांच्या उपयोगी पडली.